दुमडलेलं टोक

लेक नेत्रा वारली, तरी चंडीगडच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवरचा तिच्या रेडिओचा अँटेना रघुवीरांनी उतरवला नव्हता. खारी त्याची केबल कुरतडायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती जोडलेली असायची. वर काळी टेप, टेपचं टोक दुमडलेलं.

"बाबा, कोना मोड़ के रखो, खोलने में आसान रहेगा," नेत्रा नेहमी म्हणायची.

"तू जोडतेस का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला कुठं येतंय ते!" म्हणत नयनानं तारेची जाळी आणून केबलवर चढवली.

कुरतडणं थांबलं. जोडणंही थांबलं.

आज दुपारी रघुवीर ती जाळी सोडवायला बसले.

"अहो, पुन्हा खातील ना खारी!" नयना जिन्यातून म्हणाली.

"खाऊ देत," म्हणत त्यांनी केबलजवळ मूठभर शेंगदाणे ठेवले.

जाळीच्या तारेनं बोट चांगलंच कापलं होतं. तिकडे दुर्लक्ष करून ते थंडीतल्या उन्हात वाट बघत बसले. बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा शेंगदाणे तसेच होते. केबलही धड होती. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात वर नेला.

बोटाला काळी टेप गुंडाळलेली होती. टोक दुमडलेलं.