पहिली बादली

म्हाताऱ्याने बादली वर ओढली, नाकाशी नेली आणि पाणी तिथेच जमिनीवर ओतलं.

"रॉकेल," तो म्हणाला. "आज मी पिणार नाही."

विहीर त्याने स्वतःच्या हातांनी खणलेली. म्हणून चाळीस वर्षं रोजची पहिली बादली त्याची. तो एक घोट प्यायचा, मग बाकीचे घागरी भरायचे. आज त्याच्या अंगात ओला सदरा होता. सकाळीच धुतलेला, न वाळवता चढवलेला.

सगळ्या माना त्याच्या मुलीकडे वळल्या.

तिनेच टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी नळाने गावात आणलं होतं. विहिरीचं पाणी तिने तपासून घेतलं, त्यात जंतू निघाले, तो कागद तिने भर सभेत वाचला. त्या दिवसापासून बाप तिच्याशी बोलत नव्हता. तीन महिने नळाला एक घागर लागली नव्हती. 'म्हातारा रोज पितो, त्याला काय झालंय?' एवढंच गावाचं उत्तर.

गेल्या वर्षी तिच्या वहिनीचं थोरलं मूल जुलाबांनी गेलं. आता धाकटंही आठवडाभर पडून होतं. तरी सासऱ्यासमोर नळाचं पाणी घरात आणायची वहिनीची छाती नव्हती.

"तुझा नळ चालेना, म्हणून बापाच्या विहिरीत रॉकेल ओतलंस?" दुकानदारीण कडाडली. "घरभेदी कुठली!"

"मी नाही ओतलं."

"मग काय विहिरीलाच तहान लागली होती?"

"ज्यानं ओतलं त्याचं नाव कळू दे," ती जागची हलली नाही, "त्याचे पाय धुऊन पाणी पिईन मी. हा वास काही लवकर जायचा नाही. नळावर येताय, की घसे कोरडे ठेवून मला शिव्या घालताय?"

"जिभेला हाड नाही पोरीच्या," शिंपी पुटपुटला.

म्हातारा दोर गुंडाळत राहिला. त्याने पोरीची बाजू घेतली नाही, तिला दोषही दिला नाही.

दुपारपर्यंत नळावर रांग लागली. सगळ्यांत पुढे दुकानदारीण, तोंड फुगवून.

मुलगी भरलेली घागर घेऊन घरी आली. वहिनीने आधी लेकराला पाजलं, मग चहासाठी स्टोव्हला पंप मारला. तो नुसता सुस्कारला. तिने कोपऱ्यातला रॉकेलचा डबा उचलून हलवला.

"परवाच तर काठोकाठ भरून आणला होता!"

"गळत असेल," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला.

वहिनीने डब्याखालच्या फरशीवरून हात फिरवला. फरशी कोरडी होती.

मुलगी उठली. घागरीतलं पाणी तिने परातीत ओतलं आणि बापासमोर मांडी घालून बसली.

"पाय पुढे करा, बाबा."