पाच मिनिटांचं काम

"नाक हवं," बाबा फोनवर म्हणाले. "नाकाशिवाय माणूस ओळखायचा कसा?"

चित्रकाराने हातातलं डिजिटल पेन टेबलावर ठेवलं. "बाबा, ही माझी शैली आहे. लोक याचे पैसे मोजतात."

"लोकांचं सोड. आपल्या दूधवाल्याला नाक आहे, चांगलं मोठं आहे. ते काढ. आणि खाली नाव लिही, ठळक अक्षरांत. तुला काय, पाच मिनिटांचं काम."

फोन बंद झाला. फोनला नाक असतं तर त्याने ते तिथल्या तिथे पिरगाळलं असतं.

बिननाकाची जांभळी माणसं ही त्याची खासियत होती. परक्या देशात, भाड्याच्या दोन खोल्यांत, स्क्रीनसमोर मान मोडून त्याने ती कमावली होती. पुस्तकांची मुखपृष्ठं, मोबाइलवरचे खेळ, मासिकं, सगळीकडे ती जांभळी मंडळी हिंडत होती. बाबांचं मत मात्र पहिल्यापासून एकच होतं: "रेघोट्या ओढून पोट भरतं का?" पोट भरत होतं, हल्ली थोडं सुटलंही होतं. पण बाबांच्या तोंडून 'छान' एवढा शब्द कधी निघाला नव्हता. केस पिकायला लागले तरी आपण त्या एका शब्दाची वाट बघतोय, याचीच त्याला जास्त चीड यायची.

आणि आता हे नवंच खूळ. आधी शेजारीणबाईंचं चित्र झालं. मग वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, मग औषधाच्या दुकानातला माणूस. कुणाच्या चष्म्याची काडी चुकली, कुणाचा तीळ दुसऱ्या गालावर हवा. शेजारीणबाईंच्या खाली तर 'आपली किल्ली हिच्याकडे असते' असंही लिहून घेतलं. चित्राची पार दुकानाची पाटी करून टाकली.

"आयजीच्या जिवावर बायजी उदार!" तो बायकोपुढे करवादला. "मी इथे मरमर मरायचं आणि हे तिथे फुकट वाटणार."

"निदान मागतात तरी," बायको म्हणाली. "आधी बघत तरी होते का?"

मग फर्माईश आली ती थेट आईच्या चित्राची.

"खाली तिचं नाव. आणि त्याखाली लिही, बायको."

"बाबा, ते जगाला माहीत आहे."

"असू दे. तू लिही."

लग्नाचा वाढदिवस जवळ आला असेल, म्हाताऱ्याला पालवी फुटली, असं म्हणत त्याने ते मात्र मन लावून काढलं. कपाळावर येणारी पांढरी बट, हनुवटीवरची खळी, सगळं. हातातलं काम त्यासाठी बाजूला पडलं. पाठवल्यावर त्याने आईला फोन केला.

"आवडलं का बाबांना?"

"रोज बघतात," आई म्हणाली. "आणि ऐक, फोनमधलं तुझं नाव बदलायला लावलंय त्यांनी मला. आता 'चित्रकार' असं आहे."

"म्हणजे पटलं म्हणायचं एकदाचं!"

"देत जा रे ते मागतील ते काढून," आई म्हणाली, आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत तिने घाईने फोन ठेवला.

तेव्हापासून बाबा "चित्रकार ना?" असं विचारूनच बोलायला सुरुवात करायचे. टोमणा की कौतुक, कळायला मार्ग नव्हता.

अशात एका सकाळी संपादिकेचा फोन आला. तिच्या मुलांच्या पुस्तकाची पानं त्याने नुकतीच पाठवली होती, त्याला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं काम.

"ही माणसं कोण आहेत?" तिने विचारलं. "आम्हाला तुमची माणसं हवी होती. यांना नाकं कुठून आली? सोमवारपर्यंत सगळी पानं बदलून द्या, नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

त्याने पानं उघडली. राजाला चक्क दूधवाल्याचं नाक आलं होतं. राणी सरळसरळ शेजारीणबाई होती. त्याचं डोकं सणकलं. लोकांची थोबाडं काढता काढता त्याच्या हातालाच खोड लागली होती, आणि पुस्तक हातचं जायची वेळ आली होती. आता बस्स. 'बाबा, यापुढे एकही चित्र मिळणार नाही.' वाक्य त्याने घोकून ठेवलं.

संधी लगेच आली. फोन वाजला.

"चित्रकार ना?"

"हो. आणि आज मला स्पष्ट बोलायचंय."

"बोलू हो, आधी माझं ऐका. तुमची सगळी चित्रं छापून दारामागे लावलीत मी. छान काढता तुम्ही. फार छान."

घोकलेलं वाक्य तो विसरूनच गेला. बाबांची ही अहो-जाहोची थट्टाही त्याला त्या क्षणी गोड लागली. डोळे भरून आले, आणि ते बायकोला दिसू नयेत म्हणून त्याने तोंड खिडकीकडे केलं.

"अजून एक द्या काढून, शेवटचं," बाबा सांगत होते. "माझ्या मुलाचं. तोही तुमच्यासारखी चित्रंच काढतो, तिकडे लांब कुठेतरी. त्याला कधी बोललो नाही मी, पण हात छान आहे हो त्याचा. नाक तेवढं नीट काढा, म्हणजे घरी आला की मला ओळखता येईल."