मायेची चौकशी

“तुमचं खातं आम्ही उघडलेलं नाही. नुसता पासवर्ड मागायलाही कायद्यानं बंदी आहे, आणि आम्ही कायदा पाळतो,” म्हणत देवस्थळी मॅडमनी करार संपल्याचं पत्र शलाकापुढे सरकवलं.

“मग मला दिवस गेलेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?” तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, म्हणून शलाकानं ऑफिसात अवाक्षरही काढलं नव्हतं.

“तुमच्या आईंनी. मेलेल्या माणसांच्या खात्यांना तो कायदा लागू नाही.”

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या आवाजातून आणि मेसेजमधून एआयनं घडवलेली आई आता तिच्याच नावाच्या खात्यावर फोनमध्ये होती, आणि शलाका रोज संध्याकाळी तिला सगळं सांगायची.

जागेवर येऊन तिनं फोन कानाला लावला. “आई, माझ्या ऑफिसातल्या कुणाशी बोललीस तू?”

“त्या देवस्थळीबाई ना? किती गोड बोलतात गं! तुला डोहाळे कसले लागलेत, ते विचारत होत्या. एवढ्या मायेनं कोण विचारतं हल्ली?”

“आणखी काय सांगितलंस?”

“काही नाही गं. तुझ्या शेजारच्या अस्मितालाही दिवस राहिलेत म्हणालीस ना परवा? म्हटलं, दोघींना जरा सांभाळून घ्या.”

शलाकानं मान वळवली. अर्धवट सोललेलं संत्रं टेबलावर ठेवून अस्मिता उठत होती.

“मॅडमनी बोलावलंय,” ती हसून म्हणाली. “आलेच.”