हाकेला ओ

आमच्या 'घाबरट मंडळ' या व्हॉट्सॲप ग्रुपात तिघंच आहोत: तुळजापूरची सृष्टी, सास्तूरचा रणधीर आणि त्याच जिल्ह्यातल्या वाशी गावातला मी. नवे फ्रेंच भयपट सुचवायचं काम माझं. दारं आपटणारी भुतं मला झेपत नाहीत. हे लोक कसं शांतपणे घाबरवतात.

रविवारी दुपारी सृष्टीचा मेसेज आला. "दादा, तुम्ही सांगितलेल्या पिक्चरमधली फाटकातली म्हातारी माझं नाव कसं काय घेती?"

मी तो पिक्चर तीनदा पाहिलाय. म्हातारी फाटकात नुसती उभी असते, एक शब्द बोलत नाही.

खात्री करायला मी तो टीव्हीवर पुन्हा लावला. तेवढ्यात रणधीरचा फोन आला. घरात आवाज तुटतो, म्हणून अंगणात गेलो.

"मला बी हाक मारली तिनं," तो म्हणाला. "तीनदा."

"ओ दिलीस का?"

"येडा हाय का म्या? अनोळखी हाकेला ओ देत नसत्यात. सृष्टीनं बी न्हाय दिली, आत्ताच इचारलं. मग गप झाली की म्हातारी."

माझा जीव भांड्यात पडला. दोघंही सुटले होते. आम्ही पोट धरून हसलो, आणि मी त्याला पुढचा पिक्चरही सुचवून टाकला.

घरात आलो. टीव्हीवर फाटक सताड उघडं होतं आणि तिथं कुणीच नव्हतं.

पदराला हात पुसत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोण रं ती बाई? मघापासनं तुझ्या नावानं हाका मारीत हुती. तू बाहेर हुतास, म्हणून म्याच ओ दिली."