चार पंगती

मंगळवारच्या पहिल्या पंगतीला तो दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच प्रमिलाबाईंनी ओळखले, हाच निरूळांचा दूत.

विशीबाविशीचा देह, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, काखेत गाठोडे, नजर जमिनीला खिळलेली. त्याने वाकून बाईंच्या पायांना हात लावला. इथली रीत शिकून आला आहे, असे मनाशी म्हणून बाई सुखावल्या.

नवागामातल्या बाईंच्या खाणावळीत कापडाच्या लूमवरचे कामगार जेवतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. त्यांतले पाचसहा जण या पृथ्वीचे नव्हेत, हे मात्र एकट्या बाईंना ठाऊक होते. नक्षत्रसंघाची ही मंडळी माणसाच्या रूपात उधन्याच्या कारखान्यांत पाळीवर जात आणि दोन वेळा बाईंच्या पंगतीला बसत. पृथ्वीला संघात घ्यावे की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. एखाद्या जगाची पारख करायची, तर तिथे अन्न कसे वाढतात ते पाहावे, असा संघाचा दंडक होता.

या कामासाठी संघाने बाईंना निवडले, त्याला १९९६ साली नऊ वर्षे झाली होती. नऊ वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती. थुल जातीचा कुणी जेवत असताना त्याच्या ताटाकडे पाहायचे नाही. मेरव दुःख झाले की हसतात, म्हणून हसणाऱ्या मेरवाला कारण विचारायचे नाही. हे सारे बाईंना तोंडपाठ होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

आता राहिला होता शेवटचा कौल, निरूळांचा. संघाचा निरोप्या भिकन, जातीने मेरव, बारडोलीला जाण्यापूर्वी बजावून गेला होता. दूत मंगळवारी येईल. तो बोलणार नाही. त्याला अन्न देऊ करणे म्हणजे त्याच्या भुकेवर मालकी सांगणे. तो खुणेने मागेल तेव्हाच वाढायचे. आणि तो जेवेपर्यंत त्याच्या हातून काहीही घ्यायचे नाही.

म्हणून पाहुण्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला, तेव्हा बाई हात जोडून दोन पावले मागे सरल्या. तो गोंधळला. कागद पुन्हा खिशात ठेवून भिंतीशी, पाण्याच्या माठाजवळ, टेकून बसला.

पहिली पंगत उठली. संध्याकाळची दुसरी उठली. त्याने काही मागितले नाही. रात्री तो ओट्यावरच निजला.

बुधवारी सकाळी भाकरी थापणाऱ्या शांताबाईला राहवेना. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

"बाई, पोऱ्या कालपासून नुसत्या पाण्यावर आहे. वाढू का?"

"नाही. त्याची रीत वेगळी आहे."

"पोटाची कसली आली रीत?" शांताबाई परातीतच पाहून म्हणाली. "का आता माणूस बघून वाढायचं ठरलं आपल्यात?"

बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिले. शांताबाईने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

संध्याकाळी, चौथ्या पंगतीला, वांग्याचे भरीत होते. ताटे वाढली गेली, तेव्हा पाहुण्याची नजर पहिल्यांदा वर उठली, बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबली आणि पुन्हा खाली गेली. बाईंचा हात पळीकडे गेला होता. त्यांनी तो आवरला.

आग्रहाचे मोल त्यांना कुणी शिकवायला नको होते. बारा वर्षांपूर्वी शिरपूरला धाकट्या बहिणीच्या, अनुसयेच्या, वास्तुशांतीला त्यांच्या ताटात एक पुरणपोळी पडली आणि दुसरीसाठी कुणी विचारले नाही. बाई भरल्या पंगतीतून उठल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी ना अनुसयेचे नाव घेतले, ना तिच्या घरच्या कुणाचे तोंड पाहिले. अशी बाई आज पळी हातात असून गप्प उभी आहे, ती साऱ्या पृथ्वीसाठी, असे त्यांनी स्वतःला समजावले. पाहुणा उठून ओट्यावर गेला. त्याची पावले अडखळत होती. निरूळांची चाल तशीच असेल, असे बाईंना वाटले. निदान त्यांनी वाटून घेतले.

गुरुवारी उजाडले तेव्हा तो नव्हता. अंथरायला दिलेल्या पोत्याची नीट घडी घातलेली होती. ओटा झाडलेला होता. घडीवर तांब्या पालथा होता आणि त्याखाली तो कागद होता.

दूत न जेवता गेला. कागदात त्याचा कौल असणार, या विचाराने बाईंच्याने घडी उघडवेना. तेवढ्यात बारडोलीहून परतलेला भिकन दारात आला.

"केम बाई, ताटकळलात ना?" तो म्हणाला. "निरूळांचा दूत अजून निघालाच नाही. दिवाळीनंतर येतो म्हणतोय."

शांताबाईनेच चुलीपुढून सांगितले, की दोन दिवस एक पोर इथे भिंतीशी बसून होते, चार पंगती त्याच्यासमोर जेवून उठल्या आणि त्याला कुणी भाकरीचा तुकडा दिला नाही.

भिकन ऐकत राहिला. मग तो हळूहळू हसू लागला. हसणाऱ्या मेरवाला कारण विचारायचे नव्हते.

बाईंनी घडी उघडली. पेन्सिलीने लिहिलेली अक्षरे मोठी आणि वाकडी होती. बारा वर्षे झाली, तरी त्यांनी ती ओळखली.

"आक्का, वास्तुशांतीला तुला दुसऱ्यांदा विचारलं नाही, ती चूक माझी. माझ्या अबोल चिंधाला तुझ्या पदरात घालते आहे, उधन्याला कुठेतरी कामाला लाव. एवढंच सांभाळ, पोर तुझ्यावर गेलं आहे: तीनदा आग्रह केल्याशिवाय ताटाला हात लावत नाही."