पडद्यावरचा आरसा

"नवरा म्हणून नाही, दिग्दर्शक म्हणून सांगतोय," गास्पार म्हणाला. "तुझी दृश्यं काप. त्या खुर्चीत आता नवी नटी इव्हेत दिसेल; तिचं चित्रण झालंय."

पॅरिसच्या पोटमाळ्यावर सोलांजनं फिल्ममधून स्वतःला कापून काढलं. सात वर्षांचा संसार कात्रीखाली वीत वीत गळून पडला.

दुपारी दोघांनी मूकपट लावून पाहिला. खुर्चीत इव्हेत हसत होती. तिच्यामागच्या आरशात मात्र सोलांज बसली होती.

"हे मी ठेवलं नव्हतं," सोलांज पुटपुटली.

"असू दे गं. आपला चित्रपट म्हणजे स्वप्नच; स्वप्नाला अर्थ विचारायचा नसतो."

आरशातल्या सोलांजनं सावकाश गास्पारकडे मान वळवली.

तो खूश झाला. "सोलांज, दिवा लाव. कुठे गेलीस?"

ती त्याला खेटूनच बसली होती. "इथंच आहे," असं तिनं म्हटलं, पण आवाज फुटला नाही. ओठ हलले, ते पडद्यावर.