सहावा गिअर

"सहावा गिअर, शून्य वेळा," मिस्त्रींनी गाडीला जोडलेल्या लॅपटॉपवर वाचून दाखवलं. "पाचवा, चार वेळा. पहिला आणि रिव्हर्स मात्र विचारू नका. क्लच पंचाहत्तर टक्के संपलाय, डॉक्टर."

दातांच्या डॉक्टरांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र त्यांनी एक्स-रे बघताना करायचे तसा गंभीर केला.

गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. कॉलेजात असताना याच कंपनीच्या गाडीचा फोटो त्यांच्या पलंगामागच्या भिंतीवर होता. वर्षभरात त्यांनी अशा दोन जुन्या गाड्या पाहिल्या. एक पुरात बुडून निघालेली, दुसरीचं तोंड तिसऱ्याच गाडीचं. ही मात्र नऊ वर्षांची असून अंगावर ओरखडा नव्हता. घ्यायची तर हीच, नाहीतर या जन्मात राहिलं, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. "पण जाणार कुठे आहात तिच्यातून?" असं बायकोने विचारलं, तेव्हा ते पेपर वाचायला लागले. गाडीच्या मापाचं मऊ कव्हर त्यांनी आधीच शिवून घेतलं होतं. ते आत्ता पिशवीत घालून त्यांच्या काखेत होतं.

अडलं होतं ते किमतीवर. गाडीच्या मालकीणबाई आकडा सोडायला तयार नव्हत्या. नवरा जाऊन सहा महिने झालेले, आणि आकडा त्याने सांगून ठेवलेला.

डॉक्टरांची दवाखान्यातली एक पद्धत होती. खर्च आधी सांगायचा नाही. रोग्याच्या हातात आरसा द्यायचा, कीड दाखवायची, ती कशाने लागली ते नीट पटवून द्यायचं. पटलं की माणूस आपणहून खुर्चीत मान टेकवतो. तीस वर्षांत ही पद्धत फसली नव्हती.

"वहिनी, जरा इकडे या," त्यांनी बाईंना लॅपटॉपसमोर बोलावलं. "हा बघा क्लच. साहेब गाडी कशी वापरायचे?"

"वापरायचे कुठे? दर रविवारी कव्हर काढायचं, गाडी खाली रस्त्यावर आणायची, धुवायची, आणि परत उलटी वर चढवायची. इंचाइंचाने. तासभर चालायचं ते." बाईंनी गॅरेजच्या चढाकडे बोट दाखवलं. चढ चांगलाच उभा होता.

"तिथेच घात झाला. या गाडीला मुंगीच्या पावलाने उलटी चढवली की क्लच जळतो."

"मी म्हणायचे, एकदा समुद्रापर्यंत जाऊन येऊ. तासाभराचा तर रस्ता. ते म्हणायचे, झिजेल."

"उलट आहे, वहिनी. मोकळ्या रस्त्यावर क्लच झिजतच नाही म्हटलं तरी चालेल. समुद्रावर शंभर वेळा गेला असतात तरी एवढा झिजला नसता."

मिस्त्री खाकरले. पण डॉक्टरांची गाडी आता उताराला लागली होती, ती कशाला थांबते?

"आणि तो क्लच दाबायचा कुठे?" बाईंनी विचारलं. "फार जड आहे म्हणायचे. तुझ्या पायाला झेपायचा नाही, म्हणून मला कधी त्या सीटवर बसूच दिलं नाही."

डॉक्टरांनी खिशातली छोटी बॅटरी काढली, वाकले आणि स्टिअरिंगखाली उजेड पाडला. तोंड उघडलेल्या रोग्याला दाखवावं तसं त्यांनी दाखवलं. "दोनच पेडल. एक पळवायचं, एक थांबवायचं. क्लच दाबायचं काम गाडी स्वतः करते. गिअरला ही स्टिअरिंगमागची पट्टी. तीही नको असेल तर हे बटण दाबा, गिअरही तीच बदलते. तुमची ती दारातली छोटी गाडी आहे ना, तशीच चालवायची."

"त्या गाडीने मी रोज ऑफिसला जाते," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर."

बाई बराच वेळ त्या दोन पेडलांकडे बघत राहिल्या. नऊ वर्षं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले. डॉक्टरांना वाटलं, पटलं. त्यांनी आकडा सांगितला. बाईंच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडाच वर.

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "सगळं पटलं मला. किल्ली द्या जरा."

तपासणीसाठी घेतलेली किल्ली डॉक्टरांनी मोठ्या मनाने दिली. इतकी वर्षं घरात असलेली वस्तू, शेवटचं बसून बघू दे बिचारीला. बाई बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला.

"मिस्त्री, तुम्ही शेजारी बसा. लॅपटॉप असू द्या."

मिस्त्रींना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बुटकी लाल गाडी चढावरून सरळ खाली उतरली, गल्लीच्या तोंडाशी गुरगुरली आणि वळली. डॉक्टर काखेतलं कव्हर सांभाळत पायरीवर बसले. एक चक्कर मारून येईल, पाच मिनिटं. अर्धा तास झाला. सहीसाठी आणलेलं पेन त्यांनी दोनदा उघडून बंद केलं.

शेवटी फोन वाजला. पलीकडे वाऱ्याचा नुसता घोंघाट.

"डॉक्टर, सहावा पडला," मिस्त्री ओरडून सांगत होते. "काय पळते हो!"

"पळू दे. आता परत या म्हणावं, कागद करून टाकू."

मिस्त्रींनी फोनवर हात ठेवला. आत काहीतरी बोलणं झालं, एक बाई मनापासून हसल्याचं ऐकू आलं.

"डॉक्टर, त्यांनी माझ्याकडे नवा क्लच सांगितलाय. आणि समुद्र अजून अर्ध्या तासावर आहे, तुम्ही ताटकळत बसू नका म्हणतात. जाताना तेवढं गॅरेजचं दार ओढून घ्या."